‘धारातीर्थी’ मधली धार कुठली?

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून एका ग्रामपंचायत सदस्यानं विचारलं आहे: ‘‘आमच्या गावचा जवान डोंगराळ भागात ड्यूटीवर असताना लष्कराची गाडी दरीत कोसळून गेला. गावात स्मारक करतो आहोत. फलकावर ‘शहीद’ लिहायचं की ‘हुतात्मा’? एक निवृत्त गुरुजी म्हणतात, ‘शहीद’ मराठी नाही, ‘धारातीर्थी पडले’ असं लिहा.’’

पहिले दोन शब्द चटकन उरकतो. ‘शहीद’ अरबी. शाहिद म्हणजे साक्षीदार, शहादत म्हणजे साक्ष. जीव देऊन साक्ष देणारा तो शहीद. ‘हुतात्मा’ संस्कृत घडणीचा. होम, हवन, आहुती यांच्यात जो ‘हु’ धातू आहे तोच इथं आहे. ज्यानं स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. हा शब्द मराठीत रुजवला सावरकरांनी. दोन्ही शब्द चांगले आहेत, दोन्ही चालतात.

‘शहीद’ मराठी नाही म्हणणाऱ्या गुरुजींना मात्र आष्टी तालुक्यात बसून हे बोलवलं कसं, याचं नवल वाटतं. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळ्या खाल्ल्या, आणि तेव्हापासून गाव ‘शहीद आष्टी’ झालं. तुकडोजी महाराजांचं जन्मगाव ‘यावली शहीद’. वरूडकडे ‘बेनोडा शहीद’. गावांनी आपल्या नावाला जोडून घेतलेला शब्द परका म्हणायचा, तर मग आपलं म्हणायचं तरी कशाला? आणि त्या दिवशी मेलेले लोक पलटणीतले नव्हते, शेतावरून उठून आलेले होते. म्हणजे आपल्या भागात हा शब्द वर्दीवाल्यांच्या आधी बिनवर्दीच्या लोकांना लागला.

आता ‘धारातीर्थी’. या शब्दाचे हाल बघवत नाहीत. फलंदाज लवकर बाद झाला की ‘धारातीर्थी पडला’. निवडणुकीत अनामत गेली की उमेदवार ‘धारातीर्थी’. चौकातल्या बॅनरवर ‘धारातिर्थी’, ति ऱ्हस्व. तीर्थ तत्सम आहे, ती दीर्घच. एका श्रद्धांजलीच्या फलकावर तर ‘सीमेवर धारातीर्थ येथे वीरमरण’ असं वाचलं, जणू धारातीर्थ नावाचं काश्मिरात एखादं ठाणं आहे! ‘तीर्थी’ मधली ई ही घरी, दारी, रानी मधली जुनी सप्तमी. धारातीर्थी म्हणजे धारातीर्थात.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती त्या ठरीव अर्थाची: ‘रक्ताच्या धारांचं तीर्थ’. निवेदक हेच सांगतात, भाषणं करणारे हेच सांगतात, शाळेत हेच घोकवलं जातं. रक्ताचा इथं काही संबंध नाही. ही धार तलवारीची आहे. संस्कृतात असिधारा म्हणजे तलवारीची पात, आणि त्या पातीवर चालण्याइतकं कठीण व्रत ते असिधाराव्रत. तलवारीची धार हेच तीर्थ, असा हा समास सोडवायचा.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मराठीत पाण्याचीही धार आणि विळ्याचीही धार. आपण समजतो एकच शब्द. संस्कृत कोशात मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत, दोन वेगळ्या ‘धाव्’ धातूंपासून आलेले. एक ‘धाव्’ म्हणजे धावणं, वाहणं. त्यातून पाण्याची धारा. दुसरा ‘धाव्’ म्हणजे धुणं, घासणं, लखलखीत करणं. त्यातून पात्याची धारा. विळा दगडावर पाणी टाकून घासतो तेव्हा आपण हा दुसरा धातूच हातानं चालवत असतो. एक धार धावून झालेली, एक घासून झालेली. दोन्ही नेमक्या एकसारख्या ऐकू येतात म्हणून कुण्या जुन्या कवीला पात्यात प्रवाह दिसला आणि प्रवाह दिसल्यावर तीर्थ सुचलं.

तीर्थ म्हणजे मुळात देऊळ नव्हे, पवित्र पाणीही नव्हे. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणं. नदीत जिथून उतरता येतं, पलीकडे जाता येतं ती जागा तीर्थ. मराठीतला ‘उतार’ही त्याच धातूचा: नदीला उतार आहे की नाही, असं आपली म्हातारी माणसं विचारायची. पूल नव्हते तेव्हा वर्धा नदी उन्हाळ्यात उतारानं ओलांडायची, पावसाळ्यात डोंग्यानं. कौंडण्यपूरला घाटाच्या पायऱ्या उतरून नदीत पाय टाकणारा यात्रेकरू तीर्थ शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ जगत असतो.

यावरून ‘पडणे’ विषयी माझं ठाम मत आहे. व्याकरणवाले म्हणतात, पडणे म्हणजे कोसळणे, ‘रणी पडला’ मधलं. मला ते पटत नाही. ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ म्हणतो तेव्हा कोण कोसळतं? तिथं पडणं म्हणजे पाण्यात शिरणं, आपल्या पायानं. धारातीर्थी पडणं हे तेच पडणं आहे. तो प्रवाहात उतरतो, पार जायला. नुसतं कोसळणंच सांगायचं असतं तर ‘रणी’ एवढं पुरलं असतं. मधे तीर्थ आणायची गरजच काय होती? ज्यांना पटत नाही त्यांनी या तीर्थाचं दुसरं कारण द्यावं.

या अर्थानं शब्द वापरायचा तर आपल्याच भागात जागा आहे. अकोला जिल्ह्यातलं अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरकर भोसल्यांची फौज तिथं इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे उभी राहिली आणि हरली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. इंग्रजांनी १८५१ मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांनी, हयात सैनिकांसाठी पदक काढलं आणि त्याच्या पट्ट्यांवर अडगाव, गाविलगड, सीताबर्डी ही आपली नावं त्यांच्या उच्चारात कोरली. आपल्या बाजूनं त्या मैदानात उतरलेल्या साध्या शिपायांपैकी किती जणांची नावं आज अडगावात कुणाला सांगता येतील? ते धारातीर्थी पडले. त्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवला असता तर तो क्रिकेटपर्यंत घसरला नसता.

तुमच्या जवानासाठी ‘धारातीर्थी’ नको, गुरुजींना स्पष्ट सांगा. गाडी दरीत गेली. धार नव्हती, समोर शत्रू नव्हता. यात कमीपणा काहीच नाही. सियाचीनमध्ये १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीनं आणि बर्फानं जास्त जवान नेले. सरकारदरबारी तर २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं गेलं की ‘शहीद’ असा शब्द लष्कराच्या वापरातच नाही; ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात. त्या कागदी शब्दावर घरचं पोट अवलंबून असतं. मृत्यू सेवेशी निगडित नाही ठरला तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन, शेवटच्या पगाराच्या पहिली दहा वर्षं ५० टक्के, मग ३० टक्के. सेवेमुळे ठरला तर विशेष, ६० टक्के. युद्धातला ठरला तर उदारीकृत, पूर्ण पगाराइतकं. म्हणून फलकावरच्या शब्दाआधी, त्याच्या घरी आलेल्या कागदावर काय लिहिलं आहे ते गावातल्या कुणा जाणत्यानं वाचून बघा. चूक वाटली तर वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्या घरच्यांसोबत जा.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात २५ हजारांहून जास्त नावं दगडावर आहेत; तिथं नावामागे ना शहीद, ना हुतात्मा. तरी गावाला विशेषण हवंच असेल तर ‘शहीद’ लिहा, तुमच्या तालुक्याचाच शब्द आहे. खाली हुद्दा, पलटण, जागा, तारीख आणि ‘कर्तव्यावर असताना अपघातात’ हे खरंखुरं कोरा. गुरुजींच्या सांगण्यावरून ‘धारातिर्थी’ आधीच कोरून झालं असेल, तर भाऊ, नुसती वेलांटी दीर्घ करून भागवू नका. ती ओळच काढा.