आधी कानाला सुट्टी दे

अरे, तुझा मेसेज रात्री तीन दहाला आलेला, मी सकाळी वाचला. "ताई, मी वाईट मुलगा आहे का?" एवढंच, पुढे मागे काही नाही. स्ट्रोकनंतर (पक्षाघाताचा झटका) अंथरुणाला खिळलेल्या आईचं तू करतोयस, त्यावरूनच विचारतोयस हे मला कळलं. मी लगेच फोन करणार होते पण मग म्हटलं फोनवर तू "बरंय बरंय, चाललंय" म्हणशील आणि विषय संपेल, म्हणून लिहितेय. एका दमात वाचू नको, आईची कूस बदलून झाली की थोडं वाच, मग ठेव. आणि उत्तर देण्याआधी मला एकच सांग, गेल्या आठवड्यात सलग चार तास कधी झोपलास?

बघ, माझ्या बाबांचं मी सहा वर्षं केलं, तुला माहितीये. पण जे माहीत नाही ते सांगते. बाबांना डिमेन्शिया होता, म्हणजे स्मृतिभ्रंश, संध्याकाळ झाली की त्यांची बेचैनी वाढायची आणि रात्रभर "मला घरी जायचंय" चालू, घरातच बसून. एका रात्री सातव्यांदा उठले, चप्पल शोधायला लागले, आणि मी त्यांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं. ओढून बेडवर बसवलं आणि मी त्यांना जे काही बोलले ते लिहीत नाही. सकाळी त्यांचं तोंड पुसताना बघितलं तर मनगटावर माझ्या बोटांचे निळे वण, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते रे, जरा दाबलं तरी उमटतं. ते स्वतःच हात उलटापालटा करून बघत होते आणि मला म्हणाले, "कुठे लागलं कोण जाणे." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. म्हणजे तू आईवर ओरडलास, चमचा आपटलास, आणि तुला वाटतंय की असा जगात तू एकटाच, तर तसं नाहीये.

तेव्हा मला वाटायचं की कामाने थकतेय मी. चादरी, डायपर, गोळ्या, डॉक्टर, परत चादरी. मग एकदा मावसबहीण आली, म्हणाली आजची दुपार मी बघते, तू जाऊन पड. मी बाजूच्या खोलीत दार लावून तीन तास पडले आणि उठले तेव्हा आडवी झाले त्याहून जास्त थकलेली. हाताला काम नव्हतं, पण कान ड्युटीवर होते. बेड करकरला, का करकरला? खोकला आला, साधा की ठसका? ती बाबांशी एवढ्या मोठ्याने का बोलतेय? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की माणसाला खाते ती ही सतत कान टवकारून राहण्याची ड्युटी, चोवीस तासांची, शिफ्ट न बदलणारी. तुझंही हेच चाललंय, ऑफिसच्या कॉलवर असतानासुद्धा तुझा एक कान आईच्या खोलीत असतो, मी ऐकलंय तू वाक्याच्या मधेच थांबतोस ते.

आणि हे मनाचे खेळ नाहीत हं. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोला एक अभ्यास झाला होता, डिमेन्शियाच्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका, सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. एवढीशी जखम! मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा स्वतःला आळशी म्हणणं बंद केलं. दुसरा एक १९९९ चा, म्हाताऱ्या नवराबायकोंवरचा, चार वर्षं लक्ष ठेवलेलं. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त निघाला, पण गंमत अशी की जे काळजी घेत होते आणि ज्यांना तसा ताण नव्हता त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. ते सगळे सत्तरीच्या आसपासचे आणि पुढचे, तू लगेच घाबरू नको. मी हे सांगतेय कारण तू मागे म्हणालास "करायचंच आहे तर ताण येणारच", तर तसं ते चिकटून आलेलं नसतं, वेगळं काढता येतं. सगळं नाही, पण बरंच.

तर आधी रात्र. बाकी सगळं नंतर. पडून पडून आईला जखमा होऊ नयेत, दर दोन तासांनी तिची कूस बदलायची म्हणून तू दोन दोन तासांचा अलार्म लावतोस, एकटा, रोज. असं किती दिवस चालणार? डॉक्टरांना सरळ विचार की एअर मॅट्रेस घेतली तर आईच्या बाबतीत रात्रीचं अंतर वाढवता येईल का, स्वतःच्या मनाने मात्र वाढवू नको. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघ, लालसर दिसलं तर बोटाने दाबून सोड, लाली क्षणभर जाऊन परत आली तर ठीक आहे, दाबूनही तशीच राहिली तर तिथे भार देणं बंद आणि डॉक्टरांना फोन. आणि आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणाच्या. भाऊ असो, अटेंडंट असो, कुणीही. त्या रात्री तू दुसऱ्या खोलीतसुद्धा झोपायचं नाहीस, दुसऱ्या घरी जायचं. मी हसण्यावारी नेत नाहीये, एकाच घरात असलास तर कान ऐकणारच.

आता तुझा तो मोठा भाऊ आणि बाकीचे नातेवाईक. "काही लागलं तर सांग हं" म्हणणारे. मला पूर्वी या वाक्याचा भयंकर राग यायचा, म्हणजे लागतंय ते दिसत नाही का? मग लक्षात आलं की बऱ्याच जणांना खरंच कळत नाही काय करायचं, आणि आपण मान खाली घालून "नाही नाही, ठीक आहे" म्हणतो, मग ते सुटले आणि आपण अडकलो. मोघम मदत मागू नको. अख्खं काम दे. "दादा, औषधं संपायच्या आठ दिवस आधी मागवायची, इन्शुरन्सचे कागद आणि डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट, हे आजपासून तुझं, मी आठवणसुद्धा करून देणार नाही." लांब राहणाऱ्यालाही हे जमतं. आठवण करून द्यावी लागली की ते काम परत तुझ्याच डोक्यात राहिलं ना, मग दिलं काय? आणि हो, ते तुझ्यासारखं करणार नाहीत. गोळ्यांचा डबा उलटा ठेवतील, चादरीला सुरकुत्या ठेवतील. सुरकुती खुपते, तेवढी दाखव, बाकी गिळ. मी हे गिळायला दोन वर्षं लावली आणि त्या दोन वर्षांत माझी बहीण हळूहळू यायची बंद झाली, कारण ती काहीही करो मी मागून जाऊन नीट करायचे. तो दोष तिचा नव्हता.

रागाचं सांगते. काळजी घेणाऱ्या माणसावर किती ओझं आहे ते मोजायची एक प्रश्नावली आहे, झॅरिट नावाच्या संशोधकाने १९८० मध्ये सहकाऱ्यांबरोबर काढलेली, आता सगळीकडे तिची २२ प्रश्नांची आवृत्ती वापरतात, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. त्यात चक्क एक प्रश्न आहे की त्या माणसाजवळ असताना तुम्हाला राग येतो का. म्हणजे बघ, हा राग इतका घरोघरी आहे की तो छापील फॉर्मवर आलाय, आणि तू तो चोरून ठेवतोयस. राग येतो का ते सोड, राग आल्यावर हात कुठे आहेत ते बघ. चढतोय असं वाटलं की बेडचा कठडा वर कर, आई सुरक्षित आहे ना बघ, आणि खोलीतून बाहेर. दहा मिनिटं. ओली चादर दहा मिनिटं ओली राहिली तर काही बिघडत नाही, त्या दहा मिनिटांत तू मात्र बिघडू शकतोस. बाहेर जाऊन श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, चार आकडे आत, सहा-सात बाहेर, श्वास सोडताना हृदयाची गती जरा खाली येते म्हणून हे चालतं. मला हा प्रकार आधी फालतू वाटायचा, खरं सांगते, करून बघितला तेव्हा नाइलाज होता म्हणून केला.

आईची बाजू पण समजून घे थोडी. तिचा उजवा भाग गेलाय आणि बोलणंही, डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये हे दोन्ही बऱ्याचदा एकत्र जातं. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं समजू नको. हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असा एका वेळी एकच प्रश्न विचार, आणि मग गप्प बस, मनात दहा मोज, तू दुसराच प्रश्न फेकतोस तेव्हा तिला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ती मधेच हुंदके देऊन रडते किंवा नको तिथे हसते म्हणालास ना, स्ट्रोकनंतर मेंदूतला तो लगामच सैल होतो, दर वेळी तू काहीतरी चुकलास म्हणून ती रडत नाही. पण दिवसेंदिवस गप्प, जेवण नको, व्यायाम नको असं चाललं असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाल, स्ट्रोकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्यावर औषध असतं. अजून एक, उठवताना तिचा उजवा हात किंवा काख धरून ओढू नको, खांदा निखळू शकतो. फिजिओकडून उचलायची पद्धत नीट शिकून घे, तुझी कंबर पण एकच आहे.

आता एक जे तू लिहिलं नाहीस पण मला दिसतंय. "हे एकदाचं संपावं." आलाय ना हा विचार मनात? मलाही यायचा, रोज यायचा, आणि मग दिवसभर बाबांशी जास्तीचं गोड बोलायचं, प्रायश्चित्त म्हणून. बाबा समोर बसलेले असायचे आणि माझे बाबा केव्हाच गेलेले असायचे, माणूस आहे आणि नाहीही, हे दुःख कुणाला सांगणार, भेटायला येणारे म्हणायचे "तब्येत छान दिसते की!" पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात अशा नुकसानीला नाव दिलं, अँबिग्युअस लॉस, ज्याला धड शोकही करता येत नाही असं काहीतरी. नाव कळल्याने बाबा परत आले नाहीत, पण आपल्याला वेड लागलेलं नाही एवढं तरी कळलं. तर त्रास संपावा असं वाटणं वेगळं. पण ज्या दिवशी आईला काही करावंसं किंवा स्वतःला काही करावंसं वाटेल, अगदी एक क्षण, त्या दिवशी वाट बघायची नाही, मला उठव, डॉक्टरांना फोन कर, शेजाऱ्याचं दार वाजव. आणि आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी स्वतः घेणं, हो, तो डबा तू फोटोत दाखवलास तेव्हा मी मोजल्या होत्या, ते आजपासून बंद. झोपेचं स्वतःच्या डॉक्टरांशी बोल. गेल्या वेळी स्वतःचं बीपी कधी बघितलंस तेही आठव, मला तरी वाटतं आठवणार नाही.

जिम लाव, मेडिटेशन कर, जर्नल लिही असलं मी काही सांगणार नाही. जमलं तर कर. ज्याला आंघोळ पाच मिनिटांत दार किलकिलं ठेवून उरकावी लागते त्याला मी जर्नल कुठे लिहायला सांगू. आंघोळ दार लावून कर, इथून सुरू कर.

शनिवारी दोन ते सहा मी येतेय, विचारत नाहीये, सांगतेय. गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटव, कुठल्या कुशीवर किती वाजता ठेवलंस तेही लिही, आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात. तू बाहेर जा, कुठे जायचं ते तुझं तू बघ, झोपलास तरी चालेल कुठेतरी. फक्त फोन घरी ठेवून जा. तुझा नंबर मला त्या चार तासांत लागणार नाही.

तुझी ताई