पत्त्यांचे प्रश्न : कलर मोठा की सीक्वेन्स?

प्रश्न : आखाजीला आमच्याकडे तीन पत्तीचा डाव बसतो. त्यात सीक्वेन्स (ओळीची पानं) कलरला (एकाच रंगाची पानं) मारते. पुण्याहून आलेला भाचा पोकर शिकवताना म्हणाला, फ्लश, म्हणजे आपला कलर, मोठा. खरं काय?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपापल्या खेळात दोघंही बरोबर. जे हात कमी वेळा येतात ते मोठे, आणि तीनाऐवजी पाच पानं धरली की नेमका हाच हिशेब उलटतो.

मोजून बघा. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-बादशहा-एक्क्यापर्यंत तीन पानांचे १२ क्रम होतात. प्रत्येक पान चारही रंगांत मिळतं, म्हणून १२ × ६४ = ७६८. त्यातले एकाच रंगाचे ४८ प्युअर सीक्वेन्समध्ये गेले, उरले ७२०. कलरसाठी एका रंगाच्या १३ पानांतून तीन निवडायची : २८६ प्रकार, चार रंगांचे १,१४४. तेच ४८ वजा करा, १,०९६. म्हणून सीक्वेन्स वर.

पाच पानांचे क्रम १०. पण दोन पानं वाढल्याने रंगांच्या जुळण्या सोळापट, म्हणून १० × १,०२४ = १०,२४०; एकरंगी ४० काढून १०,२००. फ्लश मात्र ५,१०८ च. म्हणून तिथे फ्लश वर.

पोकरचा उतरता क्रम असा : रॉयल फ्लश (दश्शी ते एक्का, एकाच रंगात), स्ट्रेट फ्लश (एकरंगी सीक्वेन्स), चार सारखी, फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट (आपली सीक्वेन्स), तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, शेवटी मोठं पान. फुल हाउस म्हणजे तीन सारखी अधिक एक जोडी. नवखे त्याला दोन जोड्या समजून पानं फेकून देतात.

तीन पत्तीत एक गोष्ट हिशेबात बसत नाही. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ प्रकारे येते, प्युअर सीक्वेन्स ४८ प्रकारे, तरी ट्रेलच मोठी. हा रिवाज आहे, तो मोडू नये. मात्र एक्का-दुर्री-तिर्री कुठे दुसऱ्या क्रमांकाची सीक्वेन्स धरतात, कुठे सगळ्यात लहान. पानं वाटण्याआधीच हे ठरवून घ्या, भांडणं इथेच होतात.

प्रश्न : होल्डेममध्ये (पोकरचा प्रकार : हातात दोन, मेजावर सगळ्यांची मिळून पाच पानं) मेजावर एक्का, एक्का, बादशहा, राणी, गुलाम. माझ्याकडे नव्वी-अठ्ठी, समोरच्याकडे चव्वी-तिर्री. फ्लश कुणाचाच नाही. माझी पानं मोठी असून पॉट (डावात जमलेले पैसे) अर्धा का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : सात पानांतली उत्तम पाचच धरतात. तुम्हा दोघांचीही ती पाच म्हणजे मेजावरचीच पानं. तुमची नव्वी सहावी ठरते आणि सहावं पान कधीच मोजत नाहीत. मेजावर गुलामाऐवजी पंजी असती, तर तिच्या जागी तुमची नव्वी बसून तुम्ही जिंकला असता. पोकरमध्ये रंगांत लहानमोठं नसतं, त्यामुळे इस्पिक दाखवून बरोबरी सुटत नाही. तीन पत्तीत मात्र हात सारखे निघाले तर ज्याने शो मागितला, म्हणजे पानं उघडायला लावली, तो हरतो.