दोन दिवस भिजलो, तरी मुलगा बोलला नाही

"ताई, मुलगा माझ्याशी बोलतच नाही." इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा क्वचितच जातो. म्हणणारे बहुधा वडील असतात, मुलगा नववी ते बारावीतला. घरात भांडण नाही, व्यसन नाही, मुलगा नापासही होत नाही. फक्त काही विचारलं की "हं", "बघतो", "माहीत नाही", आणि खोलीच्या दाराला कडी.

या श्रावणात आलेले गृहस्थ मात्र खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "मला जमेल ते सगळं करून झालंय. त्याला डोंगरावर घेऊन गेलो, तंबूत राहिलो. पावसानं सगळ्याचा विचका केला. दोन दिवस भिजलो, तरी तो बोलला नाही. आता तुम्हीच सांगा, आणखी काय करायचं बापानं?"

दोघांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते पीथमपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम बघतात. सकाळी मुलगा उठायच्या आत बस पकडतात. मुलगा अकरावीत, शाळा, मग भंवरकुआँला जेईईचा क्लास, रविवारी टेस्ट. बापलेकांची गाठ पडते ती रात्री साडेनऊला, ताटावर. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: "टेस्ट कशी गेली?" बाकी सगळे निरोप आईमार्फत. "बाबांना सांग, फी भरायची आहे." "त्याला सांग, केस वाढलेत." किती घरांत आई अशी पोस्टमन होऊन बसलेली असते, आणि दोन्हीकडची पत्रं वाहून ती किती थकते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

त्यांनी तंबू ऑनलाइन मागवला आणि ठिकाण ठरवलं जानापाव. इंदूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर, महूच्या पुढे. उंची साधारण साडेआठशे मीटर. वर जमदग्नींचा आश्रम, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक मानतात ते. माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, पण हे दोघे पायवाटेनं चढले, आणि रात्रीसाठी पायथ्याच्या एका शेतात, मालकाला विचारून, तंबू ठोकला.

आधी त्यांच्या मनात पाताळपाणीचा धबधबा होता, पाण्याच्या अगदी काठाला. तो बेत त्यांनी सोडला, हे चांगलं केलंत असं मी त्यांना आवर्जून म्हटलं. २०११ च्या जुलैत तिथे पाण्यात उभं असलेलं कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेलं, ते इंदूरकर अजून विसरलेले नाहीत. आपण उभे असतो तिथे ऊन असलं तरी वर पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो. पावसाळ्यात मुलाला घेऊन निघायचं तर मुक्काम नदी-ओढ्यापासून लांब. हे पहिलं, मनमोकळं बोलणं वगैरे सगळं त्यानंतर.

शनिवारी संध्याकाळी सुरू झालेला पाऊस रविवार उजाडेपर्यंत थांबला नाही. माळव्याची काळी माती एकदा भिजली की खुंटी धरत नाही, बोटानं ओढली तरी हातात येते. तंबू नेमका शेताच्या सखल कोपऱ्यात होता. रात्री एकच्या सुमाराला खालून पाणी आलं. जीन्स भिजून जड झाल्या, काडेपेटीचा लगदा झाला. दोन वाजता ओला तंबू बोचक्यासारखा गुंडाळून, पायाला ढेकळं चिकटवत, दोघे शेतकऱ्याच्या दाराशी गेले. त्यानं "भीतर आ जाओ" म्हणत ओसरीवर, म्हशीच्या शेजारी, खाट टाकून दिली. रविवारचं फिरणं रद्द झालं.

"मला त्याच्याशी बोलायचं होतं हो," ते म्हणाले. "पाच मिनिटंही धड बोलणं झालं नाही. येताना गाडीत विषय काढला, तर त्यानं कानात इअरफोन घातले."

"काय विषय काढलात?"

"साधंच. म्हटलं, आता निवांत आहोत तर सांग, जेईई तुला मनापासून करायची आहे ना?"

मी मुलाला बोलावलं, एकट्याला. येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते तेच आधी सांगितलं, की इथलं बोलणं तुला विचारल्याशिवाय घरी जाणार नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मला सांगावं लागेल. तो खिडकीबाहेर बघत बसला. सहल कशी झाली हे मी विचारलं नाही. विचारलं, "तंबू वाळला का?"

"नाही ना ताई. गच्चीवर टाकलाय, पण ऊनच नाही. वास मारतोय."

आणि मग तो वीस मिनिटं बोलत राहिला. जानापावच्या माथ्यावर बाबांनी त्याला धारेवर उभं केलं होतं. या अंगाला पडलेलं पाणी चंबळेतून यमुनेला जातं आणि त्या अंगाचं चोरल नदीतून नर्मदेला. म्हणजे शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागरात, एक अरबी समुद्रात. "बाबांना हे सगळं माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं," तो म्हणाला. साडेसात नद्या इथून निघतात असं लोक सांगतात. त्यातली अर्धी नदी कुठली, यावर दोघांनी उतरताना डोकं चालवलं होतं. रात्री घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना त्याच्या तोंडून आपली जुनी माळवी ओळ निघून गेली, "डग डग रोटी, पग पग नीर", आणि बाबा इतके हसले की त्यांच्या हातातली बॅटरी चिखलात पडली. ओसरीवर दोघांनी आजीनं दिलेल्या मेथीच्या दशम्या आणि लवंगी शेव खाल्ली, रात्री तीन वाजता, एकाच पंच्यात गुरफटून. डब्याचं झाकण घट्ट होतं म्हणून दशम्या कोरड्या राहिल्या होत्या. हे झाकणाचं त्यानं दोनदा सांगितलं.

"आणि पाणी आलं तेव्हा बाबांनी मला विचारलं, काय करूया रे?" इथे तो थांबला. "मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तंबू सोडू आणि त्या काकांकडे जाऊ. तर ते चला म्हणाले. लगेच."

ही तीच सहल, जी वडिलांच्या लेखी फसली होती.

"मग गाडीत इअरफोन का घातलेस?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, शनिवारी पाऊस सुरू झाला तेव्हा तो बाबांच्या पिशवीत बॅटरी शोधत होता. बाजूच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली खिशातली डायरी सापडली. उघड्या पानावर त्याचं नाव आणि खाली सात प्रश्न, क्रमांक घालून. पहिला जेईईचा. चौथा मित्र कोण कोण आहेत हा. सातवा मोबाइलचा. "मग माझ्या लक्षात आलं की मला कशासाठी आणलंय." डायरी त्यानं होती तशी ठेवून दिली. "रात्री पाणी आल्यावर बाबा ते सगळं विसरले. तेव्हा मस्त वाटत होतं. आणि परतताना राऊ गाव यायच्या आत यादीतला पहिला नंबर आला."

मला त्या मुलाचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या वडिलांचंही. सात प्रश्न मुद्दाम लिहून, भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकमध्ये ठेवणाऱ्या माणसाचं मुलावर प्रेम नाही असं कोण म्हणेल? कारखान्यात ते कागदावर लिहून, एकेक बाब तपासून काम करतात. जे काम त्यांना उत्तम येतं, त्याच पद्धतीनं ते मुलाकडे गेले. पण मुलाला त्यात वसुली दिसली. इतका खर्च केला, इतका वेळ दिला, आता तू मन उघड. मुलं या बाबतीत फार तल्लख असतात. आईस्क्रीम, गाडीतली चक्कर, सरप्राइज. यामागे प्रश्न दडलाय का हे त्यांना पहिल्या दोन मिनिटांत कळतं, आणि एकदा कळलं की पुढच्या आईस्क्रीमवरही विश्वास राहत नाही.

मी मुलाला विचारलं, ओसरीवरच्या रात्रीचं बाबांना सांगू का? तो म्हणाला, "ते सांगा. यादीचं नको. ते मी बघीन."

वडिलांना मी दशम्यांचं सांगितलं, नद्यांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. "काय करूया रे" पाशी आल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. त्यांना त्याचीच लाज वाटत होती. बापानं मुलाला रस्ता दाखवायचा, आणि आपण अंधारात सोळा वर्षांच्या पोराला विचारत बसलो. मी त्यांना म्हटलं, दोन दिवसांत तुम्ही विचारलेला खराखुरा प्रश्न तेवढा एकच होता. उत्तर तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं दिलेलं उत्तर तुम्ही पाळलंत. "टेस्ट कशी गेली" हा तसा प्रश्न नाही. क्लासवाले रविवारी रात्रीच गुण तुमच्या मोबाइलवर पाठवतात. तुम्हाला माहीत असतं, तुम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत असतं, आणि तरी रोज ताटावर हजेरी होते.

"पण विचारलंच नाही तर कळणार कसं?" हे प्रत्येक पालक विचारतो, आणि काळजी खोटी नाही. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोन मानसशास्त्रज्ञांनी चौदा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांच्या आयुष्यात काय चाललंय हे आईवडिलांना नेमकं कुठून कळतं, हे त्यांनी तपासलं. खोदून विचारणं, पाळत ठेवणं, नियम लावणं, यांतून मिळणारी माहिती त्या मानानं कमी निघाली. पालकांना जे ठाऊक होतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं. माझ्या खोलीतला अनुभवही तोच आहे. मुलगा सांगतो, पण हात कामात आणि डोळे दुसरीकडे असताना. स्कूटरवर मागे बसून, पोहे निवडताना, पंखा पुसायला स्टूल धरून उभा असताना. समोरासमोर बसवलं की ती मुलाखत होते.

म्हणून मी त्यांना महिनाभरासाठी ताटावरचा टेस्टचा प्रश्न बंद करायला सांगितलं, आणि आईची टपाल सेवाही. केसांबद्दल म्हणायचं असेल तर स्वतः म्हणायचं, फी हवी असेल तर त्यानं स्वतः मागायची. आई हे ऐकून रडली. इतकी हलकी झाल्यासारखं वाटलं तिला. शेवटचं म्हणजे, तो वास मारणारा तंबू दोघांनी मिळून धुवायचा. बोलणं झालं नाही तरी चालेल. तंबू मात्र स्वच्छ झाला पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा मुलगा गप्प होता, पण जेवत होता, झोपत होता, मित्रांत जात होता. मुलगा घराशीच नाही, मित्रांशीही तुटला असेल, आवडीचं सगळं सोडून दिलं असेल, झोप आणि भूक कित्येक दिवस बिघडली असेल, किंवा "मी नसतो तर बरं" असं काही बोलला असेल, तर तंबू धुण्यात वेळ घालवू नका. तेव्हा सरळ, शांतपणे विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का. असं विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. लगेच डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर फोन करता येतो.

तीन आठवड्यांनी वडील आले. रविवारी गच्चीवर तंबू पसरला होता. मुलगा कापडावरचे बुरशीचे काळे ठिपके मऊ ब्रशनं घासत होता, हे खुंट्यांवरची वाळलेली माती चमच्याच्या दांड्यानं खरवडत होते. वर न बघता मुलगा म्हणाला, "बाबा, मला तुमची यादी सापडली होती."

"मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललास? आणि लगेच जीभ चावली. हाही प्रश्नच की!" ते सांगत होते. "मग गप्प बसलो. दुसरी खुंटी घेतली. ती झाल्यावर म्हटलं, चुकलं माझं. तुला न्यायचं होतं म्हणून गेलो असतो तर बरं झालं असतं. तो काही बोलला नाही. पाचेक मिनिटं नुसता ब्रशचा आवाज. ताई, ती पाच मिनिटं फार जड गेली."

"आणि मग?"

"मग त्याचा तो बोलायला लागला. पहिल्या नंबरच्या प्रश्नावर."

काय बोलला ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना म्हणाले, मोजल्या तर एक खुंटी कमी आहे, त्या शेतातच राहिली असणार. कार्तिकी पौर्णिमेला जानापावला जत्रा भरते. तेव्हा जाऊन शोधायची, त्या काकांसाठी आजीच्या दशम्या न्यायच्या, आणि या खेपेला तंबू कुठे लावायचा ते मुलगा ठरवणार आहे.