‘मी हुशार आहे’ म्हणताना मूल रडतं तेव्हा

प्रश्न: मुलगा दुसरीत आहे. हातच्याची वजाबाकी आली की ‘मला येईनाच, मी ढच आहे’ म्हणून पेन्सिल टाकतो. रोज सकाळी ‘मी हुशार आहे’ असं दहादा म्हणायला लावते, आता तेही म्हणताना रडतो. काय करू?
एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: आधी ते दहादा म्हणणं बंद करा. ज्यावर पोराचा विश्वासच नाही ते वदवून घेतलं, की आतून ‘खोटं!’ असंच उमटतं. नेदरलँड्समधल्या 9 ते 13 वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात स्वतःला कच्ची समजणारी मुलं सुधारली ती ‘होईल तेवढा प्रयत्न करीन’ या वाक्यानं. ‘मला हे छान येतं’ म्हणून नाही. तुमचा मुलगा त्याहून लहान, त्याला तर हातातल्या गणितापुरतंच वाक्य हवं.

मायकेनबाम आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये मांडलेली, स्वतःशी बोलत काम करायची पद्धत इथं चालते. पहिलं गणित तुम्ही मोठ्यानं बोलत सोडवा: ‘52 वजा 27. 2 मधनं 7 जाईनात. थांबू जरा. एक दशक सुटा केला, झाले 12. त्यातनं 7 गेले, राहिले 5.’ पुढं मुद्दाम चुका: ‘5 मधनं 2 गेले, 3. अगं बाई, दशक कमी करायचा राहिलाच! खोडते. 4 मधनं 2 गेले, 2. पंचवीस.’ शिकवायचंय ते हेच: चूक दिसली की ‘राहिलाच, खोडते’ म्हणून पुढं जायचं. मग तो सोडवेल, बोलाल तुम्ही. मग तो स्वतः मोठ्यानं, नंतर कुजबुजत, शेवटी मनात. एका बैठकीत दोन-तीन गणितं बास. मोठ्यानं बोलणं अंगवळणी पडायच्या आत गप्प केलं, की सगळं फिसकटतं. ‘पुटपुटू नको’ हे तर घरात कुणीच म्हणू नये. या वयाची मुलं अवघड काम बोलत-बोलतच करतात.

रडत असताना मात्र यातलं काही नको. पाणी द्या, शांत झाला की ‘अजून येईना, बरं. कुठं अडलं?’ एवढंच विचारा. ‘मलाबी गणित कधी आलं नाही’ हे आजोबांनी त्याच्यासमोर म्हणायचं टाळावं.

महिन्याभरानंतरही 52 आणि 25 यांत गल्लत होत असेल, बोटं मोजूनही साधी बेरीज चुकत असेल, तर वर्गातल्या बाईंना भेटा आणि बालमानसतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.