सायकल दिसते, पण मिळते का?

सार्वजनिक भाडे-सायकलींबद्दल वाचकांची जी पत्रं येतात, त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच असतो: हवी तेव्हा सायकल नाही, ठेवायची तेव्हा जागा नाही. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

अ‍ॅपमध्ये स्टँडवर दोन सायकली दिसतात. पाच मिनिटं चालत जावं तर एकही नसते, किंवा असते ती बिघडलेली निघते. आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, शिळा असतो. स्टँडवरचा प्रत्येक डॉक, म्हणजे एक सायकल अडकवायची जागा, आपल्यात सायकल अडकवलेली आहे की नाही, एवढंच सर्व्हरला कळवतो. अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने तो हिशेब मागवून घेतं आणि तुम्ही तो पाहून घरातून निघता. गर्दीच्या वेळी दर दोन मिनिटांनी एक सायकल उचलली जात असेल, तर तुमच्या पाच मिनिटांत दोन-तीन गेल्याच म्हणून समजा. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटांवरच्या स्टँडवर चारपेक्षा कमी सायकली दिसत असतील, तर ते स्टँड रिकामं धरूनच बेत करावा. दुपारी तोच दोनचा आकडा पुरेसा असतो.

बिघडलेल्या सायकलीचं कारण वेगळं. डॉकला सायकल आहे हे कळतं, तिचं मागचं चाक पंक्चर आहे हे कळत नाही. कोणीतरी बिघाड कळवेपर्यंत ती ‘उपलब्ध’ म्हणूनच मोजली जाते. आता समजा, स्टँडवर १२ सायकली आहेत आणि त्यांतल्या २ बिघडलेल्या. येणारा माणूस हाताने चाचपून चांगली तेवढी उचलतो. हळूहळू आकडा १२ वरून २ वर येतो, तेव्हा उरलेल्या दोन्ही त्याच असतात. लहान आकड्यावर विश्वास ठेवू नये तो एवढ्यासाठी.

पॅरिसमध्ये लोकांनीच यावर एक खूण रूढ केली आहे: सायकल बिघडलेली निघाली की सीट उलटी फिरवून ठेवायची. लांबूनच कळतं. पण सर्व्हरला ती खूण दिसत नाही, त्यामुळे सीट फिरवली तरी अ‍ॅपवरून किंवा डॉकच्या बटणावरून कळवायला हवंच. न्यूयॉर्कच्या डॉकवर पान्ह्याचं चित्र असलेलं बटण असतं. सायकल परत लावून ते दाबलं की ती दुरुस्तीसाठी जागीच अडकून राहते आणि पुढच्या माणसाला मिळत नाही.

२०१५ पासून बऱ्याच शहरांतल्या योजना ‘जीबीएफएस’ या खुल्या मांडणीत माहिती देतात. तिच्यात सायकली किती, रिकामे डॉक किती, स्टँड सायकल देतंय का, परत घेतंय का आणि शेवटचा निरोप कधी आला, या सगळ्याची वेगवेगळी नोंद असते. अ‍ॅप बनवणारे मात्र त्यातला एकच आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात. स्टँडवर बोट दाबून तपशील उघडतो का ते पाहा. शेवटचा निरोप अर्ध्या तासापूर्वीचा असेल, तर त्या स्टँडचा संपर्क तुटलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे जाऊच नका.

आमच्या वस्तीतलं स्टँड सकाळी साडेआठला रिकामं होतं आणि कचेऱ्यांच्या भागातलं तुडुंब भरतं. सरळ आणखी हजार सायकली का आणत नाहीत?

आणल्या तर कचेऱ्यांच्या भागातली अडचण वाढेल. जास्त सायकली म्हणजे कमी रिकामे डॉक, आणि सायकल परत ठेवता येत नसेल तर ती घेऊनही उपयोग नाही. वाहतूक नियोजनात काम करणाऱ्या आयटीडीपी या संस्थेची मार्गदर्शिका एका सायकलीमागे २ ते २.५ डॉक असावेत असं सांगते. म्हणजे सगळ्या सायकली उभ्या असल्या तरी निम्मे डॉक मोकळे हवेत. लोकांना ते वाया गेलेले वाटतात. योजना चालते ती त्या रिकाम्या जागेवर.

तुमच्या स्टँडचं गणित मांडून पाहा. समजा २० डॉक आहेत आणि सात वाजता १४ सायकली आहेत. तासाला १८ जातात, ४ येतात. निव्वळ गळती १४, म्हणजे आठ वाजता स्टँड कोरडं. टेम्पोतून एका खेपेत २० सायकली आणल्या तरी त्या चढवायला, उतरवायला आणि मधल्या रहदारीतून वाट काढायला सहज तासभर जातो. तेवढ्यात बाकीची दहा स्टँड रिकामी होतात. म्हणून खरं काम रात्री व्हावं लागतं: वस्तीतली स्टँड पहाटेपर्यंत काठोकाठ, कचेऱ्यांजवळची जवळजवळ रिकामी. तुमच्या इथे पहाटे सहाला स्टँड अर्धंच भरलेलं दिसत असेल, तर तक्रार साडेआठच्या रिकामेपणाची करू नका, सहाच्या अर्धेपणाची करा. उत्तर द्यावं लागेल.

चढउताराच्या शहरात याच्या जोडीला आणखी एक एकतर्फी ओघ असतो. लोक सायकलने टेकडी उतरतात आणि चढताना बस पकडतात. यावर पॅरिसने उंचावरच्या ठरावीक स्टँडवर सायकल परत केली तर वापराची जादा १५ मिनिटं बक्षीस द्यायची पद्धत काढली. न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या स्टँडवरून सायकल काढून रिकाम्या स्टँडवर नेणाऱ्याला गुण मिळतात. आपल्या योजनेत असं काही असेल तर त्याचा नकाशा रोज पाहावा. बक्षीस मिळो न मिळो, कोणतं स्टँड भरणार आणि कोणतं आटणार याचा तो चांगला अंदाज असतो.

स्टँड भरलेलं आणि मोफत वेळेची पाचच मिनिटं उरलेली. अशा वेळी काय करायचं?

आधी त्याच स्टँडच्या खांबावर किंवा अ‍ॅपमध्ये ‘स्टँड भरलेलं आहे’ अशी नोंद करा. लंडनसारख्या योजना यासाठी १५ मिनिटं वाढवून देतात, पण तुम्ही नोंद केली तरच. नुसतं पुढच्या स्टँडवर निघून गेलात तर वाढीव वेळ मिळत नाही. नोंद झाली की लगेच पळू नका. स्थानकाजवळचं स्टँड असेल तर एखादी गाडी आली की दोन-तीन जण सायकल घ्यायला येतातच. कोणी डॉकपाशी उभा राहून फोन चाळताना दिसला तर त्याच्या शेजारी थांबा. तसं चिन्ह नसेल तर गर्दीच्या केंद्रापासून दूर जाणाऱ्या दिशेचं स्टँड निवडा, जवळचं दिसतं म्हणून केंद्राकडचं नको. सायकल रेलिंगला टेकवून जाणं मात्र कधीच नाही. डॉकमध्ये अडकेपर्यंत ती तुमच्या नावावर असते, चोरीला गेली तरी.

सायकल डॉकमध्ये नीट लावली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भाडं रात्रभर चालूच! चूक कोणाची?

बहुतेक वेळा डॉकमधल्या खिटीची, पण सिद्ध तुम्हाला करावं लागतं. म्हणून आत काय घडतं ते समजून घ्या.

डॉकच्या सायकलींना पुढच्या बाजूला धातूचा एक जाड तुकडा असतो. तो डॉकच्या खोबणीत शिरला की आतली खिटी पडते आणि त्याला धरते. मग डॉक सायकलवरची चिप वाचतो, तिचा क्रमांक सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर तुमची फेरी बंद करतो आणि हिरवा दिवा लागतो. यांतली कुठलीही एक पायरी अडू शकते. खोबणीत खडा, चिखल किंवा कोंबलेला कागद असला तर तुकडा बोटभर बाहेर राहतो. सायकल उभी राहते, खिटी पडत नाही. हँडल किंचित वाकडं असलं की तुकडा तिरका शिरतो आणि खिटी अर्धवट अडकते. डॉक सौर बॅटरीवर चालत असेल आणि बॅटरी उतरलेली असेल, तर खिटी पडते पण निरोप जात नाही. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण सायकल ओढून पाहिली तरी घट्ट वाटते.

तेव्हा लावण्याची रीत अशी. खोबणीत डोकावून कचरा असेल तर काढा. सायकल दोन पावलं मागे घ्या, पुढचं चाक अगदी सरळ करा आणि हँडल दोन्ही हातांनी धरून एका दमात आत ढकला. हळूच सरकवली तर खिटी पडत नाही. ‘खट्’ असा आवाज यायला हवा. दिवा हिरवा होईपर्यंत थांबा. काही योजनांत आधी पिवळा लागतो, तेवढ्यावर निघू नका. मग सीट धरून सायकल जोरात मागे ओढा. शेवटी अ‍ॅपमध्ये फेरी संपली का ते पाहा.

हिरवा दिवा लागला नाही तर सायकल काढून शेजारच्या डॉकमध्ये लावा. ती निघतच नसेल, म्हणजे खिटीने धरली पण निरोप गेला नाही. तेव्हा एकच फोटो असा काढा की त्यात सायकलीचा क्रमांक, डॉकचा क्रमांक आणि दिवा तिन्ही दिसतील. लगेच हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. भाडं परत मिळतं ते या दोन गोष्टींवर. ‘मी नीट लावली होती’ या वाक्यावर मिळत नाही.

उचलण्याआधी सायकल झटकन कशी तपासावी?

डॉकमध्ये असतानाच तपासा, कारण एकदा सोडवली की तुमची वेळ सुरू झाली. मागच्या टायरवर अंगठा दाबा. सहज आत गेला तर हवा नाही. भरीव टायर असतील तर त्याऐवजी भेगा पाहा. सीट धरून मागचं चाक उचला आणि पॅडल फिरवा. चाक डोलत फिरत असेल तर ते आउट आहे, सोडून द्या. फिरत्या चाकावर मागचा ब्रेक दाबा. ब्रेकची दांडी हँडलला टेकली तर ती सायकल नकोच. सीट आपल्या कमरेच्या उंचीला आणून कुलपी दांडी आवळा आणि तळहाताने वरून रेटा. सरकली तर चालवताना बसाल तेव्हाही सरकणार.

पुढचा ब्रेक आणि गिअर मात्र सायकल बाहेर काढल्यावरच कळतात. बऱ्याच योजनांत चाकाच्या तुंब्यातला तीन गिअरचा संच असतो. त्याचा गिअर बदलताना क्षणभर पॅडलवरचा जोर काढावा लागतो. जोर तसाच ठेवून बदलला की तो घसरतो आणि लोक सायकलच बिघडली म्हणून ओरडतात. जोर काढूनही पॅडल मोकळं फिरत असेल तर बिघाड खरा. अशा सायकलवर उभं राहून पॅडल मारू नका. जागेवरच परत लावा आणि कळवा. दुसरी सायकल लगेच सुटली नाही तर घाबरू नका. काही योजनांत दोन फेऱ्यांमध्ये थोडी मिनिटं जावी लागतात.

विजेवरच्या सायकली कधी मिळतात, कधी आठवडाभर गायब. हे काय प्रकरण?

चार्जिंग. डॉकमध्येच चार्ज होणाऱ्या सायकलींना प्रत्येक स्टँडवर पक्की वीज लागते, आणि ती जोडणी सायकली आणण्यापेक्षा कितीतरी किचकट. पॅरिसमध्ये १ जानेवारी २०१८ रोजी जुन्या ठेकेदाराकडून नव्याकडे योजना गेली तेव्हा नेमकं हेच नडलं. अनेक स्टँडना जोडणी मिळालेली नव्हती, ती तात्पुरत्या बॅटरीवर चालवली गेली, बॅटऱ्या उतरल्या आणि महिनोन्‌महिने शहर सायकलींना मुकलं. सायकलची बॅटरी बदलण्याची पद्धत असेल तिथे माणूस बॅटरी घेऊन येईपर्यंत सायकल नकाशावरून काढून ठेवतात. ‘गायब’ सायकली पुष्कळदा स्टँडवरच उभ्या असतात. अ‍ॅपमध्ये टक्के दिसत असतील तर चढाच्या वाटेला कमी टक्क्यांची घेऊ नका. बॅटरी मध्येच संपली तर उरते ती २० किलोंहून बरीच जड साधी सायकल.

स्टँडच नको, कुठेही सोडा अशी योजना जास्त भरवशाची नाही का?

परत करण्यापुरती, हो. मिळण्याच्या बाबतीत नाही. स्टँड रिकामं असलं तरी जागा ठरलेली असते, उद्याही तिथेच जाता येतं. मोकळ्या सायकलीचा ठिकाणा रोज बदलतो. शिवाय उंच इमारतींमध्ये जीपीएस कित्येक मीटर चुकतो, आणि नकाशावर रस्त्यावर दिसणारी सायकल एखाद्या बंद फाटकाच्या आत निघते. सायकल कोणाकडे आहे याची नोंद नसली की काय होतं, तेही पाहा. कुलूप न लावता सायकली वाटण्याचा प्रयोग ॲमस्टरडॅममध्ये १९६५ मध्ये झाला. पोलिसांनीच त्या उचलून नेल्या. कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणं घालून सुटणारी सायकल आणली, पण नाण्यावरून सायकल कोणी नेली ते कळत नव्हतं आणि चोऱ्या होत राहिल्या. पोर्ट्समथ विद्यापीठात १९९६ मध्ये चुंबकीय कार्ड आलं, तेव्हा कुठे सायकल कोणाच्या नावावर आहे हे लिहिलं जाऊ लागलं.

आमच्या नगरसेवकांना योजनेबद्दल काय विचारावं?

सायकली किती हे विचारू नका, तो आकडा उद्घाटनाच्या फलकासाठी असतो. तीन गोष्टी लेखी मागा: सकाळी सात ते रात्री दहा या वेळात प्रत्येक स्टँड किती मिनिटं पूर्ण रिकामं किंवा पूर्ण भरलेलं होतं, एकूण सायकलींपैकी रोज किती खरोखर रस्त्यावर होत्या, आणि बिघाड कळवल्यापासून सायकल परत यायला किती तास लागले. करारात दंड या तिन्हींवर लावलेला आहे की फक्त सायकलींच्या संख्येवर, हेही विचारा. दंड संख्येवर असेल तर ठेकेदार पंक्चर झालेल्या सायकलीही स्टँडवर उभ्या ठेवेल, आणि त्या तुम्हाला अ‍ॅपमध्ये ‘२ उपलब्ध’ म्हणून दिसतील.