बँकॉकला पैसे कसे न्यायचे?

प्रश्न : आईबाबांना घेऊन दिवाळीत बँकॉकला चाललोय, कॅश न्यायची की कार्ड? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही न्या, पण सगळं एकाच पाकिटात नको, थोडी कॅश आईच्या पर्समध्ये असू द्या. फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरून नेतात ते कार्ड) थाई बातमध्येच, म्हणजे तिकडच्या चलनातच, लोड करा, डॉलर भरलेत तर तिकडे स्वाइप करताना परत कन्व्हर्जनचा चार्ज लागतो. टुकटुक आणि रस्त्यावरच्या खाण्याला कॅशच लागते, आणि तिकडच्या एटीएममधून काढायला गेलात की दर वेळी 200 च्या वर बात फी कापतात, म्हणून थोडे बात ठाण्यातूनच लायसन्सवाल्या मनी चेंजरकडून घ्या, एअरपोर्टवरचा रेट फार वाईट. आणि कार्ड वापरताना मशीनने रुपये की बात विचारलं तर बातच दाबा! माझ्या मावशीने रुपये दाबले नि हॉटेलच्या बिलात उगाच जास्तीचे गेले, अजून हळहळते बिचारी.