‘मुलं कशी वाढतात’ याचा अभ्यास करून नोकरी लागते का?

‘अंबाजोगाईजवळ आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. मुलं, पालक आणि बदलतं कुटुंब यावरच पुढे शिकायचं म्हणते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने दिवाळीनंतर गावातल्या म्हाताऱ्या बायांना गाठलं आणि लेक-सून ऊसतोडीला गेल्यावर नातवंडं कशी सांभाळता, हे विचारत फिरली. याला काय अभ्यास म्हणायचा? माझ्या आईने सहा लेकरं वाढवली, तिच्याकडे कुठली पदवी होती? बी.एड. कर म्हटलं तर ऐकत नाही. लग्नाचंही बघायचं आहे. यात नोकरी आहे का, स्पष्ट सांगा.’
– एक वडील

नमस्कार.

स्पष्ट विचारलंत, तर स्पष्टच सांगते. नोकरी आहे. पण बी.एड. झालं की शाळा, असा सरळ रस्ता इथे नाही. (तो रस्ता तरी आता कुठे सरळ राहिलाय! टीईटी, टीएआयटी या शिक्षक होण्यासाठीच्या परीक्षा देऊन भरतीची वाट बघणारी मुलं तुमच्याही गावात असतील.)

आधी एक गैरसमज दूर करू. मुलं कशी वाढवावीत, हे तिला शिकायचं नाही. ते तुमच्या आईंना येतच होतं. मुलं वाढवण्याचं काम कोणाच्या वाट्याला येतं, का येतं आणि ती वाटणी बदलली की घराचं काय होतं, हे तिला शोधायचंय. तुमच्या आईंना सहा मुलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे सरासरी एका बाईमागे दोन मुलंही नाहीत. एवढा बदल दोन-तीन पिढ्यांत झाला. तो का झाला आणि आता शाळेचे वर्ग, अंगणवाड्या, म्हाताऱ्या माणसांची देखभाल यांचं काय करायचं, हे कोणाला तरी शोधावं लागतंच. त्यासाठी सरकार पैसे मोजतं, विद्यापीठं मोजतात, संस्थाही मोजतात.

आता तिच्या प्रकल्पाबद्दल. तुम्ही तो टिंगलीत सांगितलात, मला मात्र तुमच्या पत्रात तोच सगळ्यात मोलाचा वाटला. ऊसतोडीत ‘कोयता’ नवरा-बायकोच्या जोडीचा धरतात आणि मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडीला, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे बाईला घरी थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. मग लेकरू एक तर आजीपाशी राहतं, नाहीतर फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या शेतावर जातं. फडावर गेलं की मोठी बहीण धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा सुटते. ऊसतोडीच्या काळात मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं निघाली ती याच अडचणीवर. ती कुठे चालली, कुठे कागदावरच राहिली, हे त्या आज्यांइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

आता यातली गंमत बघा. आपल्या जनगणनेत कुटुंब धरतात ते एका स्वयंपाकावर. एका चुलीवर जेवतात ते एक घर. मोजणारा माणूस जानेवारीत गावात आला तर त्याला एका घरात आजी आणि चार नातवंडं दिसतील. तोच जूनमध्ये आला तर त्याच घरात आठ माणसं जेवताना दिसतील. दोन्ही नोंदी बरोबरच. पण जानेवारीची नोंद वाचून मुंबईत बसलेला कोणी लिहील, ‘मराठवाड्यात एकत्र कुटुंब मोडलं.’ खरं तर ते मोडलेलं नसतं, सहा महिने दोन ठिकाणी वाटलेलं असतं. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावाचा अभ्यास करून १९६४ साली जवळपास हेच दाखवलं होतं. चुली वेगळ्या झाल्या म्हणून मालमत्ता, देणंघेणं आणि जबाबदाऱ्या तुटत नाहीत. तुमच्या मुलीने हे पुस्तक वाचलं असेल-नसेल, प्रश्न तिला गावातच सापडलाय.

अशा घरोघरच्या विचारपुशीतून किती पुढे जाता येतं, याचं एक उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या काय खातात, किती राबतात, बाळ केवढं जन्मतं, सगळं नोंदवलं. बाळं वजनाने कमी भरली, पण अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त निघालं. त्या मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला गेला आणि भारतीयांच्या मधुमेहाची मुळं आईच्या पोटापासून शोधावी लागतात, या विचाराला त्यातून बळ मिळालं. अभ्यास डॉक्टरांचा खरा, पण एवढी वर्षं घरोघर जाऊन कुटुंबांशी बोलणारी, त्यांचा विश्वास टिकवणारी माणसं नसती तर तो उभाच राहिला नसता.

पुढे कुठे शिकायचं? तिला आकडेमोडीची भीती नसेल, तर माझी पहिली पसंती मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. १९५६ पासूनची ही संस्था. वर दिलेला १.७ चा आकडा ज्या सर्वेक्षणाचा, त्याची जबाबदारीही तिच्याकडेच. समाजशास्त्राच्या पदवीवर लोकसंख्या अभ्यासाच्या एम.ए.ला अर्ज करता येतो. आज्यांशी बोलता येणारी आणि तक्तेही वाचता येणारी मुलगी फार थोड्या ठिकाणी सापडते, म्हणून तिला मागणी असते. आकड्यांपेक्षा माणसांसोबत काम करायचं असेल तर टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’. तिचं तुळजापूरचं आवार तुमच्यापासून फार लांब नाही. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक व्हायचं असेल तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते, तीही याच वाटेवरची. जवळच्या कॉलेजात जागा रिकामी आहे म्हणून एम.ए.ला नाव घालायचं, एवढं मात्र करू नका.

पैशाचं खरं सांगते. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. संशोधन प्रकल्पांतली कामं बहुतेक करारावर मिळतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. प्राध्यापकीची आशा धरली तर कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर राबावं लागतं, हे तुम्ही आजूबाजूला पाहतच असाल. स्थिर वाट हवी असेल तर महिला व बालविकास खात्यातली पदं आहेत. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची भरती एमपीएससीतून होते. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. त्यासाठी इंग्रजी वाचन आत्तापासून वाढवायला हवं. मराठी माध्यमातून आलेली मुलं बुद्धीने कमी पडत नाहीत, वाचनाच्या वेगात मागे पडतात.

लग्नाचं म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत तुमच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ती पोरं आता लग्नाच्या वयाला टेकलीत. तुमच्या भागात स्थळांचा तुटवडा मुलींना नाही, मुलांना आहे. दोन वर्षं थांबल्याने काही बिघडणार नाही. थांबायला हवंच, कारण लग्नानंतर तिचा अभ्यास आणि घरकाम यांची ओढाताण होईल. २०१९ च्या केंद्राच्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं निघाला होता.

तिला माझ्याकडून दोन कामं सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं बीड जिल्ह्याचं माहितीपत्रक नेटवर फुकट मिळतं. ते उतरवून घेऊन एक्सेलमध्ये भरायचं आणि आज्यांनी सांगितलेली कोणती गोष्ट त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही, ते एका पानात लिहायचं. प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं तर दाखवायला यापेक्षा चांगलं काही नसेल. दुसरं, प्रकल्पात मुलांची नावं किंवा फोटो असतील तर आधी काढून टाकायचे. एखाद्या लेकराला मारहाण होतेय किंवा शाळकरी पोरीचं लग्न ठरलंय असं कानावर आलं, तर ते वहीत लिहून गप्प बसायचं नाही, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवायचं.

टिसचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, निकालाची वाट बघत बसू नका. देवनारच्या संस्थेची प्रवेशपद्धत तिच्या संकेतस्थळावर बघा. लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, आणि तो केंद्राच्या नमुन्यात मागा. या दोन्ही संस्थांत राज्याच्या नमुन्यातला चालत नाही.